जपानी चित्रपरंपरेतील कष्टकरी माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी चित्रे आवडीने पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सुतार, लोहार, विणकर, कोळी, हमाल, शेतकरी आणि फेरीवाले यांची बाराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काढली गेलेली चित्रे एवढाच या पानाचा विषय आहे.

जपानी चित्रे म्हटली की फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि नटलेल्या स्त्रिया आठवतात. त्यांत कामकरी माणसे खरोखरच इतकी आहेत का?

आहेत, आणि आपण अनेकदा पाहिलेल्या चित्रांतही ती आहेत. होकुसाई या चित्रकाराची 'मोठी लाट' जगभर ओळखली जाते, पण त्या लाटेखाली तीन नावा आहेत आणि त्या नावांत वल्ह्यांवर ओणवे झालेले नावाडी आहेत, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. या ओशिओकुरी-बुने नावाच्या वेगवान होड्या होत्या. किनाऱ्यावरची ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, बाजारात वेळेवर पोहोचवणे हे त्यांचे काम होते. ज्या मालिकेतील हे चित्र आहे, ती फुजी पर्वताची सुमारे 1830 ते 1832 या काळातील मालिका पुन्हा चाळली, तर पिंप करणारा बुरूड, छपरावर कौले चढवणारे गवंडी, लाकूड कापणारे करवतकरी आणि खडकावर उभा राहून नदीत दोर सोडणारा कोळी असे एकामागून एक भेटत जातात. पुष्कळ चित्रांत पर्वत दूर आणि लहान आहे, आणि पुढची सगळी जागा काम करणाऱ्या माणसाने व्यापलेली आहे.

सामान्य माणसे चित्रांत सर्वांत आधी कोठे ठळकपणे दिसतात?

एमाकी नावाच्या चित्रपटांत, म्हणजे उजवीकडून डावीकडे उलगडत जाणाऱ्या लांब गुंडाळ्यांत. बाराव्या शतकातील 'शिगिसान एन्गी' या चित्रपटाची कथा एका साधूच्या चमत्काराची आहे. साधूचे भिक्षापात्र एका श्रीमंताचे धान्याचे कोठार उचलून आकाशमार्गे डोंगरावर नेते आणि खाली घरातली माणसे हात वर करून, तोंडे वासून धावत सुटतात. कथेला त्या माणसांच्या नावागावाशी काही कर्तव्य नव्हते, तरी चित्रकाराने प्रत्येकाची धावण्याची तऱ्हा वेगळी रेखाटली आहे. त्याच शतकातील 'बान दाइनागोन' चित्रपटात 866 साली ओतेन्मोन या राजद्वाराला लागलेली आग पाहायला उसळलेली गर्दी आहे, आणि गर्दीचे इतके जिवंत चित्र त्या काळात जगात इतरत्रही विरळाच सापडेल, असे मला वाटते.

1299 मध्ये पूर्ण झालेला 'इप्पेन हिजिरी-ए' हा रेशमावरचा बारा गुंडाळ्यांचा चित्रपट इप्पेन या भटक्या धर्मोपदेशकाच्या जीवनावर आहे. इप्पेन गावोगाव हिंडत असल्यामुळे चित्रकारालाही रस्ते, घाट आणि बाजार काढावे लागले. बिझेन प्रांतातील फुकुओकाच्या बाजाराचे दृश्य त्यात आहे. कापड, तांदूळ, मासे आणि मातीचे मोठे रांजण विकायला मांडलेले आहेत, आणि या सगळ्याच्या मधोमध एक योद्धा इप्पेनवर चालून येतो आहे. मध्ययुगीन जपानी बाजाराचा अभ्यास करणारे आजही या दृश्याकडे वळतात.

दरबारी माणसांचे चेहरे एकसारखे आणि कामकऱ्यांचे चेहरे वेगवेगळे का दिसतात?

हे निरीक्षण अगदी योग्य आहे. उच्चकुलीन व्यक्तींचे चेहरे काढण्याची एक ठरलेली पद्धत होती. तिला हिकिमे-कागिबाना, म्हणजे रेघेसारखे डोळे आणि आकड्यासारखे नाक, असे म्हणतात. थोरांच्या चेहऱ्यावर भावना उघडपणे दाखवणे सभ्यपणाचे मानले जात नव्हते, त्यामुळे वाचकाने भाव ओळखायचा तो वस्त्रांच्या ठेवणीवरून आणि मानेच्या कलावरून. कष्टकऱ्यांना हा संकेत लागू नव्हता. त्यामुळे सुरकुत्या, पडलेले दात, फुगलेले गाल, ओरडणारी तोंडे हे सारे काढण्याची चित्रकाराला मोकळीक मिळाली. या मोकळिकीत थोडी तुच्छता मिसळलेली होती हे नाकारता येत नाही, परंतु तिच्यामुळेच आठशे वर्षांपूर्वीच्या राजपुरुषापेक्षा त्याच्या गाडीचा बैल हाकणारा नोकर आज आपल्याला अधिक ओळखीचा वाटतो.

कारागिरांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'शोकुनिन' या शब्दाचा अर्थ बलुतेदार असा करावा का?

सोयीसाठी तसा अर्थ मनात आला तरी तो पुरता जुळत नाही. बलुतेदार गावाशी बांधलेला असतो आणि त्याचा मोबदला सुगीच्या धान्यातील वाट्याने मिळतो. चित्रांत दिसणारा शोकुनिन बहुतेक वेळा नगरातला असतो, दुकान मांडतो, माल विकतो किंवा मजुरीवर राबतो. शिवाय मध्ययुगात या शब्दाची व्याप्ती फार मोठी होती. तेराव्या शतकातील 'त्सुरुगाओका होजोए' या कारागीर-काव्यस्पर्धेत (अशा स्पर्धांविषयी पुढील उत्तरात पाहा) वादक, नर्तक, ज्योतिषी, मल्ल आणि लाकूडतोड्या हे सगळे एकाच रांगेत आहेत. ज्याच्या अंगी एखादी विद्या किंवा हातोटी आहे आणि जो तिच्यावर जगतो तो शोकुनिन, अशी ती कल्पना होती. याच स्पर्धेत चित्रकाराची जोडी भरजरी कापड विणणाऱ्याशी लावली आहे. म्हणजे कारागिरांची चित्रे काढणारा स्वतःही कारागिरांतच मोजला जात होता, आणि ही चित्रे पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारागिरांच्या चित्रांसोबत कविता कशासाठी असत?

दरबारात उता-आवासे नावाची काव्यस्पर्धा भरत असे. त्यात डावा आणि उजवा असे दोन पक्ष एकाच विषयावर कविता करत आणि पंच निकाल देई. कवी-सरदारांनी या खेळात एक नवे वळण आणले : कविता आपल्या नावाने न करता एखाद्या कारागिराच्या तोंडी घालायची. सुमारे 1500 साली रचलेल्या 'शिचीजूइचिबान शोकुनिन उता-आवासे' या सर्वांत मोठ्या रचनेत 71 जोड्या, म्हणजे 142 व्यवसाय आहेत, आणि विषय चंद्र व प्रेम हे दोनच. पहिली जोडी सुतार आणि लोहार यांची, दुसरी भिंती लिंपणारा आणि सालींनी छप्पर शाकारणारा यांची, चौथी रंगारी आणि विणकर यांची. कोळसा पाडणाऱ्याच्या शेजारी ओहारा खेड्यातून डोक्यावर मोळी घेऊन क्योतो या राजधानीत येणारी स्त्री बसवली आहे.

कविता सरदारांच्या असल्यामुळे त्यांतील लोहाराचा विरह खऱ्या लोहाराचा मानता येणार नाही. मात्र चित्रांच्या कडेला, आकृतींच्या जवळ, बोलण्याचे छोटे तुकडे लिहिलेले आहेत आणि त्यांचा सूर निराळा आहे. टोफू विकणारी बाई म्हणते, "टोफू घ्या, नाराहून आणला आहे." या एका वाक्यातून नारा या जवळच्या शहराचा टोफू क्योतोत नावाजलेला होता हे कळते, आणि गिऱ्हाइकाला हाक मारण्याची पद्धतही कानावर पडते. मूळ प्रत आज उपलब्ध नाही, नंतरच्या नकलांवरूनच हे चित्र आपल्यापर्यंत आले आहे.

चित्रांतील अवजारे आणि कामाच्या पद्धती कितपत खऱ्या मानाव्यात?

माझ्या मते या चित्रांचा सर्वाधिक विश्वासार्ह भाग तोच आहे. चेहरे संकेताने ठरत, कपडे कधी जुन्या नकलेवरून उचलले जात, पण अवजार हातात कसे धरायचे हे चुकले तर चित्र लगेच खोटे दिसते, आणि चित्रकाराला ते स्वतःच्या धंद्यामुळे कळत होते.

1309 मध्ये ताकाशिना ताकाकाने याने रेशमावर काढलेल्या 'कासुगा गोंगेन गेन्की-ए' या चित्रपटात घरबांधणीचे एक सुप्रसिद्ध दृश्य आहे. कोणी शाईत भिजवलेले सूत ओढून लाकडावर रेघ मारतो, कोणी वाकसाने तुळई तासतो, कोणी भाल्याच्या पात्यासारखे लांब दांड्याचे अवजार दोन्ही हातांनी ओढून पृष्ठभाग गुळगुळीत करतो. या अवजाराला यारिगान्ना म्हणतात. आपल्या ओळखीचा ठोकळ्याचा रंधा या दृश्यात कोठेही नाही, कारण तो तेव्हा जपानी सुताराच्या हाती आलेलाच नव्हता. लांबीच्या दिशेने ओंडका चिरणारी मोठी करवतही नाही. सरळ धाग्याचे लाकूड पटाशीने आणि पाचरी ठोकून फोडले जात असे.

पुढे 1494 च्या सुमारास रचलेल्या 32 फेऱ्यांच्या काव्यस्पर्धेत मोठी करवत ओढणारे कारागीर एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून अवतरतात. फळ्या पाडण्याचे तंत्र दरम्यानच्या काळात बदलले होते. ही करवत आल्यावर वाकड्या धाग्याच्या लाकडाच्याही पातळ फळ्या पाडता येऊ लागल्या आणि बांधकामाला लाकूड अधिक मुबलक झाले. होकुसाईच्या तोतोमी प्रांताच्या चित्रात याच धंद्याचे शेवटचे रूप दिसते. एक प्रचंड तुळई तिरकी टेकवून ठेवली आहे, एक जण तिच्यावर चढून आणि दुसरा तिच्याखाली बसून रुंद पात्याची करवत चालवतो आहे, आणि जवळच तिसरा बसून करवतीच्या दातांना धार लावतो आहे. धार लावणाऱ्याला चित्रात जागा देणे हे ज्याने असे काम जवळून पाहिले आहे त्यालाच सुचेल.

शेतकऱ्यांची चित्रे इतकी प्रसन्न का असतात? त्यांचे हाल कोणी चितारले नाहीत का?

या प्रश्नाचे मूळ चीनमध्ये आहे. बाराव्या शतकात लोउ शू या अधिकाऱ्याने शेतीची 21 आणि रेशीम-विणकामाची 24 चित्रे कवितांसह सम्राटाला सादर केली. राज्यकर्त्याने आपल्या ताटातील भातामागचे आणि अंगावरच्या वस्त्रामागचे श्रम जाणावेत, हा त्यामागचा हेतू होता. हा विषय जपानमध्ये पोहोचला तो आशिकागा घराण्यातील शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, संग्रहातील चिनी चित्रांमधून. पुढे कानो घराण्याच्या चित्रकारांनी तो मठांच्या आणि वाड्यांच्या सरकत्या दारांवर 'शिकी कोसाकू', म्हणजे चार ऋतूंतील शेती, या नावाने रंगवला. बियाणे भिजवणे, बैलाने चिखलणी, रोपांची लावणी, पायांनी फिरवायच्या रहाटाने पाणी देणे, कापणी, मळणी, उपणणी आणि शेवटी कोठारात धान्य भरणे असा क्रम एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत जातो. ज्यांच्या दालनात ही दारे बसवली गेली, तेच धान्याचा वसूल घेणारे होते. त्यामुळे या चित्रांत दुष्काळ येत नाही, पीक बुडत नाही आणि शेतकरी तक्रार करत नाही. सुव्यवस्थित राज्याचे ते चित्र होते.

तरीही या चौकटीत राहून एका चित्रकाराने काही वेगळे केले. सतराव्या शतकातील कुसुमी मोरिकागे हा कानो तान्यूच्या चित्रशाळेतील अव्वल शिष्यांपैकी एक होता. पुढे तो त्या शाळेपासून दुरावला आणि काही काळ कागा प्रांतात राहिला. त्याच्या शेतीच्या पडद्यांवर चिनी वेषातील शेतकऱ्यांच्या जागी जपानी खेड्यातील माणसे आली. त्याचे सर्वांत आवडते चित्र मात्र कामाचे नाहीच. दोन पाखांच्या पडद्यावर भोपळ्याचा एक मांडव आहे, खाली चटई अंथरली आहे, आणि दिवसभराचे काम आटोपून एक पुरुष, त्याची बायको आणि मूल संध्याकाळची हवा खात आहेत. पुरुष हनुवटीला हात लावून पालथा पडला आहे, बायकोने उकाड्यामुळे अंगावरचे वस्त्र कमरेपर्यंत सोडले आहे, तिघेही एकाच दिशेने पाहत आहेत, आणि वर फिकट चंद्र आहे. शाई आणि अगदी थोडा रंग एवढ्यावर हे चित्र उभे आहे. जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. कष्टाचे चित्र काढताना विश्रांती दाखवणे किती बोलके ठरते, हे या चित्रापुढे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही.

नगराच्या पडद्यांवर कामकरी कसे दिसतात?

'राकुचू राकुगाई-झु', म्हणजे क्योतो आणि त्याचा परिसर दाखवणारे पडदे, हा सोळाव्या शतकात रुजलेला प्रकार. कानो एइतोकूने काढलेला पडद्यांचा जोड ओदा नोबुनागा या सरदाराने 1574 साली उएसुगी केन्शिन या दुसऱ्या सरदाराला भेट दिला असे परंपरा सांगते, आणि त्यावर सुमारे अडीच हजार माणसे आहेत. सोनेरी ढगांच्या फटींतून दुकाने, फेरीवाले, मिरवणुका आणि शेते दिसतात. माणसे इतकी लहान आहेत की ती शोधत बसावी लागतात, म्हणून हे पडदे पाहताना आधी एक गल्ली निवडावी आणि तिच्यातून चालत जावे.

वेगळ्या जातीचे उदाहरण हानाबुसा इच्चोचे. हा चित्रकार 1698 ते 1709 अशी अकरा वर्षे मियाकेजिमा बेटावर हद्दपारीत होता. अचानक आलेल्या पावसापासून बचाव करण्यासाठी एका वाड्याच्या दरवाजाखाली थांबलेली माणसे त्याने पडद्यावर रंगवली. तलवारधारी सामुराई, ओझेवाले फेरीवाले, खेळ करून पोट भरणारे कलावंत आणि मुले अशी सगळी त्या एका छपराखाली दाटीवाटीने उभी आहेत.

ही चित्रे काढायला पैसे कोण देत असे, आणि त्याचा चित्रांवर काय परिणाम झाला?

मंदिरे, दरबार, सरदार आणि पुढे छापील चित्रांच्या काळात सामान्य गिऱ्हाईक. पण या उत्तराने समाधान होऊ नये म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो.

मात्सुदाइरा सादानोबु हा 1787 ते 1793 या काळात शोगुनच्या राज्याचा मुख्य कारभारी होता आणि काटकसर व नीतिमत्ता यांसाठी त्याने कडक सुधारणा लादल्या. त्याच्या कारकिर्दीत 1791 साली सान्तो क्योदेन या लोकप्रिय लेखकाला नियम मोडल्याबद्दल पन्नास दिवस हातकड्या घालून घरी बसवण्यात आले. होसेइदो किसान्जी या दुसऱ्या विनोदी लेखकालाही त्या वातावरणात आपले लेखन थांबवावे लागले होते. पद सोडल्यानंतर, 1804 च्या सुमारास, याच सादानोबुने एदोतील कारागिरांचा तीन गुंडाळ्यांचा चित्रपट करवून घेतला. चित्रे कुवागाता केइसाईची, आणि मजकूर ओता नानपो हा लेखक, किसान्जी आणि क्योदेन यांचा. ज्यांची लेखणी आपल्या कारभारात आवळली गेली, त्यांच्याकडूनच रस्त्यावरच्या माणसांचे बोलणे लिहवून घेण्याची इच्छा त्याला झाली, यात मला त्या काळाचा सगळा ताण दिसतो. आणि केइसाई कोण होता? तातामी चटया शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या आधी उकियो-ए, म्हणजे नगरजीवन दाखवणाऱ्या लोकप्रिय, बहुधा छापील चित्रांचा पाया घालणारा हिशिकावा मोरोनोबु हाही आवा प्रांतातील भरतकाम करणाऱ्याचा मुलगा होता, आणि त्यानेही 1685 साली देशातील धंद्यांचे चित्रमय पुस्तक प्रसिद्ध केले. सुताराचा टाच टेकवून बसण्याचा ढंग किंवा सुई ओढताना वर जाणारा कोपर यांना बाहेरून पाहणारा आणि घरात पाहत वाढलेला यांच्या रेषेत फरक पडतो. केइसाईच्या चटईवाल्यांकडे पाहताना मला तो जाणवतो.

स्त्रियांच्या कामाचे चित्रण विश्वसनीय आहे का?

जुन्या चित्रांत बरेचसे आहे. 1500 च्या काव्यस्पर्धेत विणणारी, निळीत कापड रंगवणारी, दारू गाळणारी, मासे आणि पंखे विकणारी अशा अनेक व्यवसायांना स्त्रीचा चेहरा आहे, आणि त्या घरकाम म्हणून हे करत नाहीत, बाजारासाठी करतात.

अठराव्या शतकाच्या शेवटी उतामारो या चित्रकाराच्या छापील चित्रांत मात्र सावध राहावे. त्याच्या स्वयंपाकघरातील स्त्रिया चुलीत फुंकर घालताना डोळे बारीक करतात, ते खरेच पाहिलेले आहे; पण बुडी मारून शिंपले काढणाऱ्या त्याच्या स्त्रिया कष्टांपेक्षा सौंदर्यासाठी काढलेल्या आहेत. त्याच्याच एका तीन-पानी चित्रात लाकडी ठसे कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या सगळ्या स्त्रिया आहेत. 1857 साली कुनिसादा या चित्रकारानेही असेच चित्र काढले. प्रत्यक्षात हे काम पुरुष करत. ओळखीच्या दृश्यात पात्रे बदलून गंमत आणण्याच्या या प्रकाराला मिताते म्हणतात. हत्यारे, कागद ओलवण्याची पद्धत आणि कामाची विभागणी मात्र त्यांत बिनचूक आहे, त्यामुळे छपाईचे तंत्र शिकणारे ही चित्रे आजही अभ्यासतात.

प्रवासचित्रांतील हमालांविषयी थोडे सांगाल का?

हिरोशिगे हा चित्रकार एदोच्या किल्ल्याशी संबंधित अग्निशमन दलातील वंशपरंपरागत पदावरच्या घरात जन्मला. 1833–34 च्या त्याच्या तोकाइदो, म्हणजे एदो ते क्योतो या हमरस्त्याच्या, मालिकेची सुरुवातच एदोतील निहोनबाशीच्या पुलावर पहाटे होते : पुलावरून सरदाराची स्वारी येते आहे आणि पुढे खांद्यावर कावड घेतलेले मासळीवाले बाजूला सरत आहेत. फुजिएदाच्या मुक्कामाला ओझी एका घोड्यावरून दुसऱ्यावर चढवली जात आहेत, लंगोट नेसलेले हमाल घाम पुसत आहेत आणि ओट्यावर बसलेले कारकून कागद तपासत आहेत. शोनोच्या तिरप्या पावसात डोली वाहणारे भोई चढावर वाकले आहेत आणि आतला प्रवासी दिसतही नाही. असे एक चित्र साधारण एका वाडगाभर सोबा-शेवयांच्या किमतीला मिळे, म्हणून ज्यांची ही चित्रे होती त्यांतील काही जणांना ती विकत घेणे शक्य होते. मंदिरातील चित्रपटाबाबत असे म्हणता येत नाही.

ही चित्रे कोठे पाहता येतील?

मोरिकागेचा भोपळ्याचा मांडव आणि केइसाईचा कारागिरांचा चित्रपट तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, एइतोकूचे पडदे योनेझावा येथील उएसुगी संग्रहालयात आहेत, आणि कावागोएच्या किता-इन मंदिराकडे कानो योशिनोबूने काढलेल्या कारागिरांच्या 24 चित्रांचा पडदा आहे. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होत असल्यामुळे मूळ चित्रे वर्षातून थोडेच आठवडे मांडली जातात, म्हणून जाण्यापूर्वी संग्रहालयाचे वेळापत्रक अवश्य पाहावे.

कोणतेही वेळापत्रक न पाहता भेटणारे एक चित्र तोक्योत आहे. सुमारे 1805 साली एका अनाम चित्रकाराने निहोनबाशीचा रस्ता बारा मीटरांहून लांब गुंडाळीवर काढला आणि त्यात 1,671 माणसे भरली : भाजीवाले, हमाल, पुस्तके भाड्याने देणारे, बांधकामावरचे मजूर. 'किदाई शोरान' नावाची ही गुंडाळी आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तिची मोठ्या आकाराची प्रतिकृती मित्सुकोशिमाए या भुयारी रेल्वे स्थानकाच्या मार्गिकेत भिंतीवर लावलेली आहे, आणि चित्रातला रस्ता तिच्या बरोबर वर, जमिनीवर आहे.